घरासाठी इलेक्ट्रिक फर्नेस: १०, १५ की २० किलोवॅट?

खिडकीपाशी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जुनी गॅसची फर्नेस (हवा तापवून डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळ्यांतून, घरभर सोडणारं यंत्र) काढून तिच्या जागी, त्याच डक्टवर, इलेक्ट्रिक फर्नेस बसवायची आहे. तीन जणांकडून अंदाज घेतले आणि तिघांनी तीन आकडे दिले: १०, १५ आणि २० किलोवॅट. एकानेही टेप काढून खिडक्या मोजल्या नाहीत, म्हणून इथे विचारतोय.

घर एकमजली, १४ बाय १० मीटर, छताची उंची २.६ मीटर. खिडक्या सगळ्या मिळून १८ चौरस मीटर, जुन्या दुहेरी काचेच्या. बाहेरची दारं दोन, मिळून ४ चौरस मीटर. भिंतींत इन्सुलेशन आहे पण जेमतेम. माळ्यावर सुमारे १५ सेंटिमीटर ग्लासवूल. खाली न तापवलेलं तळघर. डक्ट माळ्यावरून जातात. हिवाळ्यातल्या कडक थंडीच्या रात्री बाहेर उणे ११ °से धरायचे, आत २१ °से हवेत.

जुन्या फर्नेसच्या पाटीवर इनपुट ताशी ८०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) लिहिलंय. एसी ३ टनाचा, याच डक्टवर. मेन पॅनेल १०० अँपियरचं, २४० व्होल्ट सिंगल फेज. गीझर (४.५ किलोवॅट), कपडे वाळवायचं मशीन आणि शेगडी, तिन्ही विजेवर.

किती किलोवॅटची घ्यावी? पॅनेल बदलावं लागेल का? आणि कुणी ‘९८ टक्के कार्यक्षम’ म्हणतं, कुणी ‘१०० टक्के’, त्यात खरोखर काही फरक असतो का?

झटपट

१४० चौरस मीटर गुणिले १०० वॅट, झाले १४ किलोवॅट. १५ ची घ्या आणि मोकळे व्हा.

उष्मागणित

झटपट, हा १०० वॅटचा ठोकताळा कुठल्या घरासाठी आणि किती थंडीसाठी, हे ठरलेलं नसतं. त्याच १४० चौरस मीटरच्या चांगल्या इन्सुलेशनवाल्या घराला ५ किलोवॅट पुरतात आणि गळक्या घराला १५ सुद्धा कमी पडतात. इथे सगळी मापं दिलेली आहेत, तर हिशेबच करू.

आत-बाहेर फरक ३२ अंश. भिंत, काच, छत यांतून जाणारी उष्णता म्हणजे क्षेत्रफळ × यू-मूल्य × तापमानातला फरक. यू-मूल्य म्हणजे एका चौरस मीटरमधून, एका अंशाच्या फरकाला, किती वॅट निसटतात ते. तुमच्या वर्णनावरून मी धरलेली यू-मूल्यं: भिंत ०.६, खिडकी २.८, दार २.०, छत ०.३, जमीन ०.५.

भिंतींचं एकूण क्षेत्रफळ ४८ मीटर परिघ × २.६ = १२५ चौरस मीटर. खिडक्या-दारं वजा जाता १०३ उरतात.

भिंती: १०३ × ०.६ × ३२ = १९७८ वॅट
खिडक्या: १८ × २.८ × ३२ = १६१३
दारं: ४ × २.० × ३२ = २५६
छत: १४० × ०.३ × ३२ = १३४४
जमीन: १४० × ०.५ × १६ = ११२० (तळघर बाहेरइतकं गार होत नाही, म्हणून फरक निम्मा धरला)

राहिली फटींतून येणारी हवा, आणि लोक नेमकं हेच विसरतात. घराचं घनफळ ३६४ घनमीटर. जुन्या घरात तासाला घनफळाच्या ०.७ पट हवा बदलते असं धरू. ०.३३ × ३६४ × ०.७ × ३२ = २६९१ वॅट. तुमच्या घरातली ही एकटी सगळ्यात मोठी बाब आहे, भिंतींपेक्षाही मोठी.

बेरीज ९,००२ वॅट, म्हणजे ९ किलोवॅट. डक्ट माळ्यावरून जातात म्हणून त्यांच्या गळतीचे १५ टक्के वाढवले तर १०.३५.

आता मजा बघा. खिडक्या-दारांच्या फटी, माळ्याचं झाकण, छतातल्या दिव्यांची भोकं, पाइप जिथे भिंतीतून जातात त्या जागा बुजवून हवाबदल ०.७ वरून ०.४ वर आणला, तर ११५० वॅट वाचतात. डक्टचे सांधे नीट बंद करून त्यांची गळती १० टक्क्यांवर आणली, तर एकूण साधारण ८.६ किलोवॅट. म्हणजे तुमच्या घराला १० की १५, हे सीलंटच्या नळ्या आणि दोन सुट्ट्यांचं काम ठरवणार आहे.

२० चा आकडा कुठून आला असेल तेही सांगतो. ८०,००० बीटीयू इनपुट, ८० टक्के कार्यक्षमता, म्हणजे ६४,००० बीटीयू आउटपुट. एका किलोवॅटला ताशी ३४१२ बीटीयू, म्हणून १८.८ किलोवॅट. तो ‘वरच्या आकड्यात’ गेला आणि झाले २०. जुनी फर्नेस घराच्या दुप्पट होती, तर नवीनही दुप्पट, असा तो न्याय आहे.

फेज_न्यूट्रल

वरचा हिशेब पटला. पॅनेलचं माझ्याकडून.

फर्नेस तासन् तास सलग चालते. सलग चालणाऱ्या भारासाठी अनेक देशांचे वायरिंगचे नियम सव्वापट क्षमता मागतात, तुमच्याकडचा नियम इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्या. ब्लोअरचे (हवा ढकलणाऱ्या पंख्याचे) ४ अँपियर धरून २४० व्होल्टला:

२० किलोवॅट: ८३.३ + ४ = ८७.३ अँपियर, सव्वापट १०९. तुमचा मेन ब्रेकरच १०० चा आहे. विषय संपला.
१५ किलोवॅट: ६६.५ अँपियर, सव्वापट ८३, म्हणजे ९० चा ब्रेकर. कागदावर बसेल, पण गीझर (१९ अँपियर) आणि ड्रायर (साधारण २४) एकदम सुरू झाले की मेन जाणार. कपडे, अंघोळी आणि कडाक्याची थंडी एकाच सकाळी येतात.
१० किलोवॅट: ४५.७ अँपियर, सव्वापट ५७, ६० चा ब्रेकर.

१० घेतलीत तरी पूर्ण भाराचा रीतसर हिशेब इलेक्ट्रिशियनकडून लेखी घ्या. शेगडी, ड्रायर, गीझर, फर्नेस सगळं एकदम चालू धरलं तर १०० ओलांडतंच. नियमांमध्ये सगळी उपकरणं एकाच क्षणी पूर्ण भाराने चालत नाहीत याची सूट असते, पण ती किती हे जागेवरच ठरतं. काठावर आलं तर मेन बदलायच्या आधी गीझरच्या सर्किटवर भार सोडणारा रिले विचारात घ्या. फर्नेसची दुसरी स्टेज (५ किलोवॅटचा दुसरा संच) लागली की गीझर तात्पुरता बंद होतो. टाकीतलं पाणी तासभर गरमच राहतं, घरच्यांना पत्ताही लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी विकणारे सांगत नाहीत. पाटीवरचे १० किलोवॅट हे २४० व्होल्टला असतात. एलिमेंट हा साधा रोध आहे, त्याची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. संध्याकाळी तुमच्याकडे खरे किती व्होल्ट येतात ते मोजा. २३० आले तर १० चे ९.२ होतात. २०८ व्होल्टचा पुरवठा असलेल्या इमारतीत तर सरळ ७५ टक्के उरतात, तिथे १० च्या पाटीवर ७.५ मिळतात.

(ज्यांच्याकडे थ्री-फेज आहे त्यांना हा त्रास कमी. १५ किलोवॅट तिन्ही फेजवर सारखे वाटले तर ४०० व्होल्टला दर फेजला २१.७ अँपियर. मात्र ते युनिट मुळात थ्री-फेजचं हवं.)

खिडकीपाशी

दोघांचे आभार, हे प्रिंट काढून ठेवतो. संध्याकाळी सात वाजता शेगडी चालू असताना मोजले, २३२ व्होल्ट आले. आणि गॅसची बिलं काढली. गेल्या हिवाळ्यातल्या सगळ्यात थंड ३० दिवसांत ४३० घनमीटर गॅस जळला, बाहेरचं सरासरी तापमान जवळपास ० °से होतं. गॅसवर फक्त फर्नेसच होती. याचा काही उपयोग?

उष्मागणित

उपयोग? अहो, माझी यू-मूल्यं अंदाजाची आहेत, बिल खरं आहे.

घनमीटर गॅसमागे साधारण १०.५ किलोवॅट-तास, म्हणून ४३० × १०.५ = ४५१५. जुन्या फर्नेसची ८० टक्के कार्यक्षमता, म्हणजे घराला ३६१२ किलोवॅट-तास मिळाले. माणसं, स्वयंपाक, फ्रिज, ऊन यांच्या उष्णतेमुळे घराला बाहेर १८ च्या खाली गेल्यावरच फर्नेस लागते असं धरतात. १८ अंश × ३० दिवस = ५४० डिग्री-दिवस. भागाकार ६.६९ किलोवॅट-तास दर डिग्री-दिवसाला. २४ ने भागलं की ०.२७९ किलोवॅट दर अंशाला. उणे ११ ते १८ म्हणजे २९ अंश. गुणाकार ८.१ किलोवॅट.

यात डक्टची गळती आपोआप आली, कारण तो गॅस माळ्यावर गळणाऱ्या उष्णतेसाठीही जळला. मापांवरून १०.३५ आणि बिलावरून ८.१, ही तफावत कुठून? पहिल्या हिशेबात आतल्या माणसांची आणि उपकरणांची उष्णता मोजलीच नव्हती, आणि हवाबदल मी थोडा सढळ धरला असणार. खरं उत्तर मधे कुठेतरी, बिलाकडे झुकलेलं.

२३२ व्होल्टला १० किलोवॅटचे ९.३४ मिळतात. तेव्हा १०. फटी आधी बुजवा. फर्नेसच्या आधी, नंतर नाही.

एकच सावधगिरी: इतकं मापात बसवलेलं युनिट घर पटकन गरम करत नाही. रात्री तापमान उतरवायचं असेल तर २-३ अंशांपेक्षा जास्त उतरवू नका, आणि कडाक्याच्या रात्री उतरवूच नका. नाहीतर सकाळी १७ वरून २१ वर यायला दुपार उजाडेल.

डक्टवाला

किलोवॅटचं भांडण मिटलं असेल तर हवेचं बोलू, कारण इलेक्ट्रिक फर्नेस बिघडते ती बहुतेक हवा कमी पडल्यामुळे.

एक सूत्र लिहून ठेवा: तापमानवाढ (°से) = किलोवॅट × १७५५ ÷ सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा वाहते ते). तुमच्या ३ टनाच्या एसीला टनामागे ४०० प्रमाणे १२०० सीएफएम लागतात, म्हणून ब्लोअर एसीच्या मापाने निवडायचा आणि एलिमेंटचा संच हीटिंगच्या मापाने. पण हीटिंगलाही ब्लोअर १२०० वरच ठेवला तर वाढ फक्त १४.६ अंश. आत २१ ची हवा गेली, जाळीतून ३५-३६ ची आली. थर्मोस्टॅट समाधानी, पण जाळीखाली बसलेला माणूस ‘गार वारा येतोय’ म्हणणार, कारण शरीर ३७ चं आणि वर वाऱ्याचा झोत. हीटिंगचा वेग ८०० सीएफएमवर आणा, वाढ २२ अंश, जाळीतून ४३ ची हवा. गॅसची ५०-५५ ची हवा अंगवळणी पडलेली असेल तर ही थोडी मवाळ वाटेल, पण बोचणार नाही.

८०० च्या खाली जायचा मोह आवरा. पाटीवर किमान सीएफएम आणि जास्तीत जास्त तापमानवाढ छापलेली असते. त्याखाली गेलात की हाय लिमिट स्विच एलिमेंट तोडतो, थंड झाल्यावर जोडतो, परत तोडतो. घर अर्धवट गरम, तारा रोज शेकडो वेळा लाल-काळ्या, आणि दोन-तीन हिवाळ्यांत एलिमेंट तुटतो. मग लोक म्हणतात कंपनी भिकार.

म्हणूनच मोटर वेग बदलता येणारी, ईसीएम, घ्या. पहिल्या स्टेजला ५ किलोवॅट चालू असताना ती हवाही कमी करते. साध्या पीएससी मोटरचे तीन-चार ठरावीक वेग असतात, त्यातला एक हीटिंगला जोडायचा. विजेची बचत म्हणून ईसीएम विकतात, त्याबद्दल मात्र एक गंमत: हिवाळ्यात मोटरची ‘वाया’ गेलेली वीज उष्णता होऊन घरातच येते. खरी बचत उन्हाळ्यात, एसी चालताना. तुमच्या ९८ विरुद्ध १०० टक्के या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. वीज एलिमेंटमध्ये शिरली की पूर्णच्या पूर्ण उष्णता होते. राहिलेले दोन टक्के पेटीच्या पत्र्यातून बाहेर जातात, आणि पेटी घरातच असेल तर तेही घरातच. या आकड्यासाठी एक पैसा जास्त देऊ नका. पेटी माळ्यावर किंवा गॅरेजमध्ये ठेवणार असाल तर मात्र आतलं अस्तर किती जाड आहे ते बघा.

फिल्टर. १६ बाय २५ इंचांचा, एक इंच जाडीचा फिल्टर असणार. त्यातून १२०० सीएफएम जाताना वेग मिनिटाला ४३० फूट होतो, तो ३०० च्या आत हवा. त्यात कुणी बारीक धूळ पकडणारा दाट फिल्टर घातला की ब्लोअर गुदमरलाच. चार इंची फिल्टरची पेटी बसवून घ्या, पत्र्याचं काम होतंच आहे. बसवून झाल्यावर मॅनोमीटरने युनिटबाहेरचा (डक्टमधला) एकूण दाब मोजायला लावा. बहुतेक युनिटं १२५ पास्कलला, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या इंचाला, नेमलेली असतात. २०० च्या पुढे गेला तर रिटर्न डक्ट (खोल्यांतली हवा परत आणणारा) लहान आहे, जवळजवळ नेहमी रिटर्नच असतो.

माळ्यावरच्या डक्टचे सांधे मॅस्टिकने (लेपासारख्या सीलंटने) भरा. कापडी चिकटपट्टी माळ्याच्या उष्णतेत सुटते. आणि रिटर्नकडची गळती सप्लायपेक्षा (गरम हवा नेणाऱ्या डक्टपेक्षा) वाईट: ती माळ्यावरची उणे तापमानाची हवा ओढून थेट ब्लोअरमध्ये आणते.

दुसरीबाजू

गणित छान चाललंय, पण मूळ प्रश्नच विचारते. फर्नेसच का? एसी आहे, डक्ट आहेत, हे तर हीट पंपचं (एसी उलटा चालवल्यासारखं, बाहेरची उष्णता आत आणणाऱ्या यंत्राचं) घर आहे. वर्षाला २८०० डिग्री-दिवस धरले तर ६.६९ × २८०० = साधारण १८,७०० किलोवॅट-तास. इलेक्ट्रिक फर्नेस ती सगळी वीज मीटरवरून घेणार. हंगामभराचा सीओपी (विजेच्या किती पट उष्णता मिळते तो आकडा) २.७ असलेला हीट पंप तेच काम ६,९०० मध्ये करतो. फर्नेसचा सीओपी १, कितीही महाग घ्या, कुठलीही घ्या.

आणि डक्ट फारच वाईट असतील तर प्रत्येक खोलीत भिंतीच्या पायथ्याशी बसणारे हीटर हाही पर्याय आहे. कार्यक्षमता तीच, माळ्यावरची गळती शून्य, आणि रिकाम्या खोल्या बंद ठेवता येतात. फक्त गाळलेली हवा आणि एसी यांची सोय डक्टशिवाय होत नाही.

उष्मागणित

दुसरीबाजू, १८,७०० चा आकडा बरोबर आहे आणि तो मी आधी लिहायला हवा होता.

खिडकीपाशी, एसी किती जुना आहे? चार-पाच वर्षांत बदलणार असाल तर आता असं युनिट घ्या, ज्याच्या पेटीत नंतर हीट पंपची कॉइल बसेल आणि १० किलोवॅटचा संच मदतीला राहील. कॉइल हवेच्या वाटेत एलिमेंटच्या आधी येते, तेवढी जागा पेटीत असल्याची खात्री करा. आणि थर्मोस्टॅटची केबल आताच आठ तारांची ओढून घ्या. भिंत परत फोडायला नको.

एसी आत्ताच बदलायचा झाला असेल, तर फर्नेसचा विचार सोडा आणि थेट हीट पंप घ्या.

खिडकीपाशी

एसी तीन वर्षांचा आहे, त्यामुळे सध्या फर्नेसच. पेटीत कॉइलची जागा असलेली बघतो. बसवताना मी उभा राहून नेमकं काय तपासू? मला क्लॅम्प मीटर वापरता येतो, पण पेटी उघडून हात घालणार नाही.

फेज_न्यूट्रल

हात घालू नका हे योग्यच. तंत्रज्ञ असताना झाकण उघडं ठेवायला सांगा आणि बघा.

आत दिसेल ते असं: चिनी मातीच्या मणक्यांतून ओढलेल्या नायक्रोमच्या स्प्रिंगसारख्या तारा, दर ५ किलोवॅटला एक संच. एकही वळण खाली लोंबून पत्र्याला टेकत नाही ना, हे टॉर्च मारून बघा. वाहतुकीत मणका फुटलेला असतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ज्या पुरवठ्यात दोन्ही तारा जिवंत असतात तिथे हा दोष फार वाईट: बहुतेक सीक्वेन्सर (संच एकामागून एक लावणारा स्विच) एकच तार तोडतो, दुसरी जिवंतच राहते. टेकलेला एलिमेंट तिच्यातून पत्र्याकडे वीज वाहत ठेवतो, थर्मोस्टॅट बंद असतानाही गरम होतो, आणि ब्लोअर मात्र थांबलेला.

सीक्वेन्सर म्हणजे २४ व्होल्टवर गरम होऊन वाकणारी द्विधातूची (दोन धातूंची) चकती. थर्मोस्टॅटने मागणी केली की लगेच काही होत नाही. अर्ध्या-एक मिनिटाने ‘टक्’ आवाज येतो आणि पहिला संच लागतो, थोड्या वेळाने दुसरा ‘टक्’. सगळे संच एकदम लागून दिवे मिणमिणू नयेत म्हणून ही सोय. नवीन युनिटांत याच कामाला बोर्डावरचे रिले असतात. कुठलंही असलं तरी क्लॅम्प मीटर लावून पाहा: ५ किलोवॅटचा एक संच २४० व्होल्टला २०.८ अँपियर, तुमच्या २३२ ला २०.१. दोन्ही लागल्यावर ४०.३. मुख्य तारेवर मोजलंत तर ब्लोअरचे तीन-चार अँपियर वर दिसतील, म्हणून संचाच्या तारेवर मोजायला सांगा. २० वरच थांबलं तर एक संच किंवा त्याचा सीक्वेन्सर मेला. संच मोकळा करून, वीज बंद असताना, ओहम मोजले तर ११.५ च्या आसपास यावेत.

मग बंद करायला सांगा. दोन मिनिटांनंतर अँपियर शून्य झाले पाहिजेत. चिकटून राहिलेला सीक्वेन्सर बंद होत नाही, आणि तो वीजबिल आल्यावरच कळतो.

डक्टवाल्यांच्या सूत्राचा उलटा उपयोग इथे होतो. दहा मिनिटं पूर्ण भाराने चालवा. रिटर्नमध्ये एक थर्मामीटर, सप्लायमध्ये दुसरा, पण सप्लायचा एलिमेंटच्या नजरेसमोर नको. तापलेल्या तारांचा ताप थेट लागून आकडा फुगतो, म्हणून पहिल्या वळणापुढे लावा. समजा २३२ × ४०.३ = ९.३५ किलोवॅट आणि वाढ २५ अंश आली. ९.३५ × १७५५ ÷ २५ = ६५६ सीएफएम. ८०० हवे होते, तेव्हा वेगाची जोडणी, फिल्टर, बंद जाळ्या या क्रमाने शोधायचं. गॅसच्या फर्नेसवर ही चाचणी इतकी नेमकी होत नाही, इथे आत जाणारी वीज वॅटपर्यंत मोजता येते.

थर्मोस्टॅटवर बहुतेक तंत्रज्ञ चुकतात. जुना गॅसवाला थर्मोस्टॅट तसाच ठेवला तर त्यातली फॅनची सेटिंग ‘गॅस’ वर राहते. गॅसची फर्नेस आपला फॅन स्वतः लावते, म्हणून थर्मोस्टॅट फॅनला काही सांगत नाही. बऱ्याच इलेक्ट्रिक फर्नेसना तो ‘जी’ टर्मिनलवरून सांगावा लागतो. सेटिंग ‘इलेक्ट्रिक’ वर नेली नाही तर अशा युनिटात एलिमेंट पेटतात, हवा हलत नाही, लिमिट उडतो आणि नशीब वाईट असेल तर एकदाच वितळणारी फ्यूजिबल लिंक जाते. ती गेली तर तीच बदलायची. तार गुंडाळून जोडणाऱ्याला घरातून बाहेर काढा.

पहिली स्टेज ‘डब्ल्यू-१’ ला, दुसरी ‘डब्ल्यू-२’ ला स्वतंत्र जोडा. दोन्ही एकत्र बांधून ठेवलेल्या असतात कारण एक तार वाचते. मग थोड्याशा गारव्यालाही पूर्ण १० किलोवॅट लागतात.

खिडकीपाशी

हे सोन्यासारखं आहे. शेवटचं: जुनी फर्नेस निघाल्यावर तिच्या धुराड्याचं काय करायचं? आणि पहिल्यांदा चालू केल्यावर वास येतो म्हणतात, तो किती वेळ?

डक्टवाला

धुराड्यावर आणखी काही जोडलेलं नसेल तर ते काढून छताचं आणि माळ्याचं भोक दोन्ही पातळ्यांवर बंद करा. नुसतं ग्लासवूल कोंबू नका, त्यातून हवा जाते. पत्र्याचं झाकण आणि कडेने सीलंट. उघडं राहिलं तर गरम हवा तिथून वर चढते आणि फटी बुजवून कमावलेलं सगळं त्या एका भोकातून जातं. गॅसची लाइन परवानाधारक माणसाकडूनच बंद करून घ्या.

वास तारांवरच्या तेलाचा आणि धुळीचा. खिडक्या उघडून अर्धा तास चालवा, जायला हवा. दर हिवाळ्याच्या पहिल्या दिवशी थोडा येतो, तो धुळीचा. पण जळक्या प्लॅस्टिकसारखा किंवा माशासारखा वास आला तर ब्रेकर पाडा.

फेज_न्यूट्रल

तो माशासारखा वास म्हणजे सैल टर्मिनलजवळ तापलेलं इन्सुलेशन. ४० अँपियर वाहत असताना सैल स्क्रू तापतो, थंड होताना आणखी सैल होतो, म्हणजे पुढच्या वेळी आणखी तापतो. तारेचं टोक तांबूस-तपकिरी दिसतं आणि आवरण कडक होऊन चुरतं. म्हणून बसवताना टॉर्क स्क्रूड्रायव्हरने, पाटीवर लिहिलेल्या मापाने घट्ट करायला लावा. तारा ॲल्युमिनियमच्या असतील तर गंज रोखणारी पेस्ट हवीच. आणि पहिल्या महिन्याभराने, ब्रेकर पाडून आणि मीटरने शून्य पाहून, इलेक्ट्रिशियनकडून सगळे स्क्रू परत एकदा तपासून घ्या. त्याच फेरीत फिल्टरही बघा, घरात पत्र्याचं आणि भिंतीचं काम झालेलं असतं, पहिला फिल्टर महिन्यातच राखाडी होतो.